चि. सोनूस, तिच्या गिटारीबद्दल

बडोदे, दांडिया बाजार

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा फोन आईने स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे मीही सगळं ऐकलं. नवरात्रात ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचं नक्की झालं, फार बरं वाटलं. पण "बाकीची मुलं लाख-लाखाच्या गिटारी आणतात, ही यामाहाची पॅसिफिका घेऊन स्टेजवर जायची लाज वाटते" असं म्हणालीस, ते काही पटलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो.

मला गिटार वाजवता येत नाही. मी माईकवाला. पण गरब्यात आणि गणपतीत मिक्सरमागे बसून बडोद्यातल्या इतक्या गिटारी ऐकल्यात की वाजवणाऱ्यांनीही ऐकल्या नसतील. त्यांना आपलीच ऐकू येते ना! मिक्सरवर गिटारीची किंमत कळत नाही. आवाज येतो, त्याच्यासोबत घरघर येते, आणि सूर उतरला असेल तर तोही येतो. नव्या गिटारीला मी पैसे देणार नाही, आणि त्यात कंजूषपणा नाही. गरब्याला जे लागतं ते तुझ्या गिटारीत आहे.

तुझी पॅसिफिका ११२ व्हीच बघ. तारांचा आवाज पकडणारे तीन पिकअप: ब्रिजपाशी, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे, दोन कॉइलींचा हमबकर, मधे आणि मानेपाशी एकेक सिंगल कॉइल, पाच टप्प्यांचा स्विच, आणि टोनचं बटण वर ओढलं की हमबकरची एकच कॉइल चालू राहते. गरबा एकदा सुरू झाला की थांबत नाही हे तुला सांगायला नको. संथ गरब्यात झुळझुळीत स्वच्छ कॉर्ड हव्यात, हींचची लय चढली की तारा दाबून नुसता ठेका, शेवटी ढोल पेटले की जाडजूड आवाज. मधे गिटार बदलायला कोण सवड देतंय? गायकाने लहर आली म्हणून पट्टी बदलली तर पट्टी चढवायचा चिमटा, कापो, लावायलाही वेळ मिळत नाही, एका बोटाने सगळ्या तारा दाबून बार कॉर्डच धरावी लागते. अशा ठिकाणी एकाच गिटारीतून तीन-चार जातींचे आवाज काढणारी गिटार कामाची. एकच सुंदर आवाज देणारी महागडी गिटार रेकॉर्डिंगला न्यावी.

आता घरघरीचं. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. ती तारांचं कंपन पकडते, तशीच आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडते. मैदानात तर जनरेटर, लाइटचे डिमर, एलईडीची भिंत, सगळं डोक्यावर. हमबकरमध्ये दोन कॉइली उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे गुणगुण आपसांत कटते आणि तारांचा आवाज मात्र वाढतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आमच्या माईकच्या केबलीत दोन तारांमधून उलटा आणि सुलटा सिग्नल पाठवून खरखर मारतात, ती युक्ती याच जातीची. तेव्हा एलईडीच्या भिंतीपाशी उभी असलीस तर ब्रिजचा हमबकर पूर्ण ठेव, बटण ओढू नकोस. सिंगल कॉइल लावावीच लागली तर जागच्या जागी थोडी वळून बघ. एका कोनात घरघर पुष्कळ कमी होते. मागे मी एकाला मिक्सरवरून हातवारे करून असाच वळवला होता. लोकांना वाटलं गडी नाचतोय.

तुझी गिटार सुरातून जाते म्हणालीस, ते गिटारीच्या किमतीमुळे नाही. तुझा ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने सूर हलवायचा ब्रिज, स्प्रिंगांवर तरंगता आहे. अशा ब्रिजवर एक तार तुटली की ताण बदलतो आणि बाकीच्या पाचही तारा चढतात. दोन हजार माणसं गोल फिरतायत आणि तू ट्यूनर शोधतेयस, असं नको व्हायला. मागची झाकणी उघडून स्प्रिंगांचे दोन स्क्रू आवळायचे, म्हणजे ब्रिज लाकडाला टेकून बसतो. मग तार तुटली तरी उरलेल्या पाचांवर गरबा निभावतो. गरब्यात तो दांडा हलवून करायचंय तरी काय? नऊच्या बारीक तारा काढून दहाच्या जाड लावायच्या असतील तर त्याही तेव्हाच, कारण जाड तारांना स्प्रिंगांचा ताण पुन्हा बसवावा लागतो. तारा दोन दिवस आधी लावून हाताने ओढून ओढून बसवायच्या. मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार अडकत नाही.

खर्च करायचाच तर असा कर. गिटारीचं सेटिंग नीट करून घे, दोन चांगल्या केबली घे, आणि एक डीआय बॉक्स, म्हणजे गिटारीचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी. केबल गिटारीच्या पट्ट्यातून एक वेढा देऊन मग जॅकमध्ये खोच, म्हणजे कुणाचा पाय पडला तर झटका पट्ट्याला बसतो, जॅकला नाही. त्या जॅकचं नट सैल होऊन फिरायला लागतं, आतली तार पिळून तुटते. पाना जवळ ठेवत जा.

मल्टिइफेक्टवरून, म्हणजे पायाने आवाज बदलायच्या पेटीवरून, थेट माझ्याकडे लाइन देणार असशील तर त्यातलं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या खोक्याची नक्कल, चालू ठेव. ते बंद असलं की गिटार गांधीलमाशीसारखी वाजते आणि शिव्या माईकवाल्याला. सगळ्या पॅचचे, म्हणजे त्यात साठवलेल्या सेटिंगांचे, आवाजही घरीच सारखे करून ये. सोलोचा पॅच दुप्पट जोराचा ठेवणारे वीर असतात, त्यांच्या आवाजाची सरकपट्टी, फेडर, मी आधीच खाली ओढून ठेवतो.

आणि हे मात्र वडील म्हणून सांगतो. गिटारीच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात, आणि तू गातेसही. अँपचा अर्थ एकीकडे, मिक्सरचा भलतीकडे, असं झालं तर तारेवर हात आणि ओठ माईकला, की झटका. घरघर जावी म्हणून अँपच्या प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग मी पाहिलेत. तसल्या अँपला हात लावायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. घरघर घालवायला डीआयवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो फक्त सिग्नलचा धागा सोडवतो. साउंड चेकला अँप आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतायत ना ते विचार, माईकला टेस्टर लाव, मगच तोंड जवळ ने. आयोजक घाई करतील, कारण नवरात्रात परवानगी असली तरी रात्री बारालाच लाउडस्पीकर बंद करावा लागतो. त्यांची घाई त्यांच्यापाशी.

आजीचं बोलणं मनावर घेऊ नकोस. फैयाज खाँसाहेबांसारख्या गवयाच्या गावात विजेची गिटार कसली, असं तिचं चाललंय. याच गावात मौलाबक्ष या गवयांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि नोटेशन लिहून गाणं शिकवलं, तेव्हाही कुणीतरी नाकं मुरडलीच असणार.

तू घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पोचणार म्हणालीस, तसं चालणार नाही. रावपुऱ्यातला आपला कारागीर ऐन नवरात्रात एकही गिटार उघडत नाही. चार दिवस आधीचं तिकीट काढ. गिटार मऊ बॅगेतून आणणार असशील तर वरचा बर्थ घे आणि ती भिंतीच्या बाजूला ठेव. दहाच्या तारांचे दोन सेट तिकडूनच आण, इथे आयत्या वेळी मिळतील याचा भरवसा नाही.

तुझा,
बाबा