शँक-3 नसलेला उंदीर

प्रिय मित्रा,

शँक-3 या एका प्रथिनावाचून कुणी एकलकोंडं कसं होईल, असं तू विचारलंस. आधी चाचणी कशी असते ते सांगतो, व्हिडिओ बघण्यात माझे कित्येक तास गेलेत.

तीन कप्प्यांची पेटी. एका टोकाच्या कप्प्यात जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला तशाच जाळीखाली निर्जीव वस्तू. साधा उंदीर दोन्हीकडे चक्कर मारतो आणि मग अनोळख्यापाशीच घुटमळतो. जाळीला नाक लावतो, मिशा थरथरतात. शँक-3 नसलेला उंदीरही दोन्हीकडे जातो, पण अनोळख्याची त्याला तशी ओढ दिसत नाही. एरवी पिंजऱ्यात तो अंग चाटत-चोळत बसतो, इतका की चेहऱ्यावरची कातडी सोलवटून जखमा होतात. ते बघताना मला अजूनही गलबलून येतं.

सिनॅप्सवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, संदेश घेणाऱ्या बाजूला ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते टिपणारी प्रथिनं, असतात. शँक-3 हा त्यांना आधार देणाऱ्या सांगाड्याचा भाग. मेंदूशास्त्रज्ञ ग्वोपिंग फेंग यांच्या गटाने 2011 साली दाखवलं की हे प्रथिन नसेल तर कॉर्टेक्सकडून (मेंदूच्या बाहेरच्या थराकडून) स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागाकडे येणारे सिनॅप्स दुबळे पडतात. कुठली कृती करायची, कुठली थांबवायची, यात स्ट्रायटमचा मोठा हात असतो. त्यामुळे ते न थांबणारं चाटणं मला तरी समजू शकतं. अनोळख्याची ओढ का आटते, हे एवढ्यावरून उलगडत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, मोठेपणी काही होऊ शकतं का? त्याच गटाने 2016 साली प्रौढ उंदरांत टॅमॉक्सिफेन हे औषध देऊन, जन्मापासून बंद ठेवलेलं शँक-3 चं जनुक चालू केलं. उंदीर पुन्हा इतरांकडे जाऊ लागले, चाटणं कमी झालं! भित्रेपणा आणि हालचालींतला बेतालपणा मात्र हटला नाही. जनुक लहानपणीच चालू केलं तेव्हा तेही सुधारले. म्हणजे काही दारं मोठेपणीही उघडी असतात, काही तोवर बंद झालेली असतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक मात्र लक्षात ठेव. फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम, म्हणजे याच जनुकातल्या बिघाडाशी जोडलेला आजार, असलेल्या मुलांमध्ये या जनुकाची एक प्रत सहसा शाबूत असते. या उंदरांमध्ये दोन्ही निकामी होत्या. म्हणून ज्याच्या मुलीला हा आजार आहे त्या तुझ्या भावाला हे सांगशील तेव्हा ‘औषध सापडलं’ असं म्हणू नकोस. त्याची मुलगी आता मोठी झाली आहे, आणि तो प्रत्येक शब्द धरून बसेल.

तुझाच,
मित्र