बॉम्बे रक्तगटाच्या माणसांना 'ओ'चं कार्ड देणं थांबवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

कोकणातल्या एका रक्तपेढीत मी गेली 23 वर्षं तंत्रज्ञ आहे. गेल्या पावसाळ्यात मध्यरात्री एका बाळंतिणीचं रक्त क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याच्या रक्ताशी जुळवून बघायला, आलं. सोबत लॅमिनेट केलेलं कार्ड होतं, 'ओ पॉझिटिव्ह'. ओची एक पिशवी लावली, जुळेना. दुसरी लावली, तिसरी लावली, तरी तेच. शेवटी तिच्या सिरममध्ये (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) ओ सेल्स, म्हणजे ओ गटाच्या लाल पेशी, घालून ट्यूब फिरवली. तळाशी घट्ट गुठळी. टिचक्या मारल्या तरी सुटेना. ती बॉम्बे ग्रुपची होती.

साहेब, हा गट 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मुंबईत ओळखला. ए आणि बी हे दोन्ही अँटिजेन (लाल पेशींवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा) ज्या एच अँटिजेनवर उभे राहतात, तोच या माणसांच्या लाल पेशींवर नसतो. ओ गटाच्या पेशींवर तो भरपूर असतो. म्हणून यांच्या रक्तातली अँटी-एच अँटिबॉडी ओ रक्तावरही तुटून पडते आणि चढवलेल्या पेशी फोडते. यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

काचपट्टीवर ए आणि बी ओळखणाऱ्या अँटी-ए आणि अँटी-बीचे थेंब टाकले की यांचं रक्त हुबेहूब ओसारखं दिसतं. रक्तपेढीत सिरमची उलट तपासणी, म्हणजे सिरमला माहीत असलेल्या गटाच्या पेशी लावून बघणं, होते, म्हणून तिथे चूक सापडते. शाळा-कॉलेजांतल्या शिबिरांत बहुतेक वेळा नुसती काचपट्टी होते आणि तेच कार्ड माणूस जन्मभर जपतो.

त्या बाईचा भाऊ पहाटेच्या एसटीने आला. त्याच्याही कार्डावर ओच होतं, पण त्याचं रक्त बहिणीला जुळलं. सख्ख्या भावंडांत हा गट सापडण्याची शक्यता साधारण चारात एक असते. तो आला नसता तर आम्ही काय केलं असतं, हा विचार आजही झोपू देत नाही.

माझी मागणी एवढीच, की ओ सेल्स लावून उलट तपासणी झाल्याशिवाय कुणालाही 'ओ'चं कार्ड देऊ नये, असा आदेश काढा. हे ओ सेल्स प्रत्येक रक्तपेढीत रोज तयार असतात. बॉम्बे गट निघाला की त्याच्या भावंडांना सरकारी खर्चाने तपासा, आणि त्यांची संमती असेल तर नावं राज्याच्या यादीत घ्या. लाल पेशींची पिशवी फ्रीजमध्ये 35 ते 42 दिवसच टिकते. ग्लिसरॉल घालून उणे 65 अंशांखाली गोठवली तर 10 वर्षं टिकते. तशी सोय राज्यात या गटासाठी पुरेशी असावी.

त्या दोघांची कार्डं मी स्वतः लाल पेनाने दुरुस्त करून दिली आहेत.

कळावे,
एक रक्तपेढी तंत्रज्ञ