अपस्माराची गोळी ऊसतोडीच्या फडापर्यंत पोहोचावी

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : ऊसतोड कुटुंबांतील अपस्मार रुग्णांना औषधे खंड न पडता मिळण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

मी बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून अपस्मार आहे, आणि आमच्या गावातील बहुतेक घरे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जातात. आजार आणि स्थलांतर एकाच घरात आले की रुग्णाचे काय हाल होतात, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे या आजाराला फिट, फेफरे किंवा मिरगी म्हणतात, आणि पहिला झटका आला की अजूनही अनेक घरांतले लोक आधी देवऋष्याकडे जातात. वास्तविक मेंदूतील पेशींचे विद्युतसंदेश काही काळ एकदम आणि बेसुमार सुटले की झटका येतो. कधी सर्व शरीर आखडून माणूस कोसळतो, तर कधी एखादे मूल वर्गात काही सेकंद नुसते शून्यात पाहत राहते आणि आम्ही शिक्षक त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून रागावतो. एक झटका आला म्हणजे अपस्मारच, असेही नाही. रक्तातील साखर फार कमी झाल्याने, लहान मुलांत तापामुळे किंवा रोजची दारू एकाएकी थांबल्यानेही झटका येतो. असे तात्कालिक कारण नसताना झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले, की डॉक्टर अपस्माराचे निदान करतात.

जगातील सुमारे निम्म्या रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. जी कारणे ठाऊक आहेत, त्यांतील बरीच मात्र ऊसतोडीच्या जगण्याला अगदी चिकटून आहेत. दिवस भरत आलेली बाई फडावर असते, प्रसूतीला उशीर होतो आणि जन्मताना बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. उसाच्या गाडीवरून पडून डोक्याला मार लागतो. मेंदूज्वर आणि मेंदूतील क्षयाच्या गाठी ही आणखी कारणे आहेत. कोप्यांच्या (उसाच्या पाचटाच्या तात्पुरत्या झोपड्यांच्या) वस्तीवर शौचालय नसते आणि पाणी मिळेल तेथून आणलेले असते, त्यामुळे फीतकृमीची अंडी पोटात जाऊन त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. मेंदूतील अळ्यांचा हा आजार केवळ डुकराचे मांस खाणाऱ्यांना होतो, हा समज चुकीचा आहे. माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाजीपाल्यावर आलेल्या अंड्यांमुळे तो माळकरी घरातही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अपस्माराचे सुमारे 25 टक्के रुग्ण टाळता येण्याजोगे आहेत, आणि सुरक्षित प्रसूती व स्वच्छ पाणी हे त्यावरचे उपाय आपल्याच शासनाच्या कक्षेत येतात.

तथापि या पत्रातील माझे मुख्य म्हणणे औषधाविषयी आहे. योग्य निदान होऊन नियमित औषध मिळाले, तर सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे हीच संघटना सांगते. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. अट एकच, ती रोज घ्यावी लागतात, आणि झटके थांबल्यावरही निदान दोन वर्षे तरी घेत राहावे लागते. गोळी एकाएकी बंद पडली, तर झटक्यामागून झटका येत राहतो आणि त्यात जीवही जातो. जागरण हे झटक्याचे एक ठळक निमित्त आहे, आणि ऊसतोडीत टोळी पहाटेच्या अंधारात फडात उतरते व गाडी भरायला रात्री-अपरात्री उठते. हातात कोयता असताना किंवा चुलीपुढे भाकरी थापताना झटका आला तर काय होते, हे मी लिहायला नको.

काही वर्षांपूर्वी माझा भाऊ टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात असताना त्याच्या गोळ्या संपल्या. जवळच्या आरोग्य केंद्रात त्याला जुना कागद मागितला गेला आणि मग ‘हे औषध बाहेरून घ्या’ असे सांगण्यात आले. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, आधीच खर्च झालेली असल्याने काही दिवस गोळ्यांविना गेले, आणि एका रात्री त्याचे झटके थांबेनात. मुकादमाने वेळीच गाडी दिली म्हणून तो वाचला. त्या केंद्रातील कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. परगावच्या अपस्मार रुग्णाला गोळ्या द्यायच्या, असे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

मुलींची स्थिती याहून बिकट आहे. लग्न ठरताना आजार लपवला जातो, मग सासरी सर्वांदेखत गोळी घ्यायची कशी म्हणून ती बंद होते, आणि पहिल्याच हंगामात झटका येऊन सारे उघडे पडते. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे कारण हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्येच वगळण्यात आले, हे आमच्या भागातील सरपंचांनाही ठाऊक नसते. व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरील औषधामुळे गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून वयात आलेल्या मुलीचे औषध तज्ज्ञाकडून लग्नाआधीच तपासून घेणे अत्यावश्यक आहे, आणि ते तिने परस्पर बंद करता कामा नये, हेही तिला सांगणारे कोणीतरी हवे.

महोदय, 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु औषधच शिल्लक नसेल, तर मोफत उपचाराचा लाभ रुग्णाला होत नाही. म्हणून माझी विनंती अशी की, टोळ्या गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक नोंदणीकृत अपस्मार रुग्णाला किमान तीन महिन्यांच्या गोळ्या आणि औषधाचे नाव, मात्रा व निदान लिहिलेले मराठी कार्ड द्यावे, आणि ते कार्ड दाखवताच राज्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढच्या गोळ्या द्याव्यात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांची यादी आशाताईंकडे असते. त्याच वहीत अपस्मारासाठी एक रकाना वाढवणे अवघड नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शाळा तपासणीत झटक्यांच्या आजाराचा समावेश आहेच, पण ती तपासणी हंगामात झाली तर आमची निम्मी पटसंख्या फडावर असते, म्हणून ती दिवाळीपूर्वी व्हावी. साखर कारखान्यांच्या परिसरातील केंद्रांत चालू झटका थांबवणारे, नाकात फवारण्याचे मिडाझोलाम हे औषध ठेवावे. मुकादमांना एवढे तरी शिकवावे, की झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, त्याच्या तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर 108 ला फोन करावा.

अपस्मारावरील सेवांची व्याप्ती 2031 पर्यंत निम्म्याने वाढवण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य सभेने 2022 मध्ये स्वीकारले आहे. आपल्या राज्यात त्याची सुरुवात येत्या गळीत हंगामापासून, बीड जिल्ह्यातून करावी, आणि तसे परिपत्रक टोळ्या निघण्यापूर्वी म्हणजे सप्टेंबरअखेर काढावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा बीड