परिचारिकांच्या नोंदणीचा घोळ पुढच्या साथीआधी निस्तरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथ ओसरली की त्या काळात काढलेले आदेश फायलीत जातात आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून सुरू होते. एका राज्यात नोंदणी झालेल्या परिचारिकेला दुसऱ्या राज्यात काम करायला ती नव्याने करावी लागते; या नोंदणीचे असेच होणार असे दिसते. आज कोणाला घाई नाही, म्हणूनच हा विषय आज काढते आहे.

मे २०२० मध्ये मुंबईच्या रेसकोर्सवर ६०० खाटांचे कोविड रुग्णालय उभारताना महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या. खाटा, ऑक्सिजनची पाइपलाइन, मॉनिटर हे सारे पैसे ओतून पंधरवड्यात उभे करता येते. आयसीयूत हात बसलेली सिस्टर पंधरवड्यात तयार होत नाही. त्याच महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शेकडो परिचारिका काम सोडून गावी परतल्या आणि तिथले वॉर्ड उघडे पडले. परराज्यांतल्या मुलींच्या जिवावर आपली मोठी रुग्णालये चालतात, हे आतल्या माणसांना ठाऊकच होते. त्या वर्षी ते सगळ्यांना दिसले.

आता कागदाचे बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिल या केंद्रीय संस्थेचा कायदा १९४७चा. मान्यताप्राप्त पात्रता असेल तर ती कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालायला पुरेशी आहे, असे तो कायदाच सांगतो. तरीही केरळमध्ये जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन नोंदणी झालेली मुलगी महाराष्ट्रात आली की आधीच्या राज्याच्या कौन्सिलचा, म्हणजे नोंदणी करणाऱ्या संस्थेचा, ना-हरकत दाखला, शिक्षणाची पडताळणी, शुल्क, दोन कार्यालयांमधला पत्रव्यवहार, हे सगळे नव्याने. एरवी यात वेळ गेला तरी कोणाचे अडत नाही, असे म्हणायची पद्धत आहे. अडते ते तिचेच, कारण नोंदणी हाती येईपर्यंत तिला कमी पगारावर राबवून घेणारे कमी नाहीत. साथीत मात्र तोच वेळ रुग्णांच्या वाट्याचा जातो.

अमेरिकेतही परवाना राज्याराज्यांचाच. तिथे अनेक राज्यांनी आपसात करार करून एकमेकांचा परवाना ग्राह्य धरला आहे. न्यूयॉर्क त्या करारात नव्हते, तरी मार्च २०२०मध्ये तिथल्या गव्हर्नरने आदेश काढून इतर राज्यांत नोंदणी असलेल्या परिचारिकांना काम करायची मुभा दिली. ब्रिटनने त्याच महिन्यात तात्पुरती नोंदवही उघडली आणि अलीकडेच नोंदणी सोडलेल्यांना परत बोलावले.

‘रुग्णांच्या सुरक्षिततेचे काय?’ हा प्रश्न यावर हटकून येतो. प्रश्न रास्त आहे, पण विचारणारे चुकीच्या कागदाकडे बोट दाखवतात. नॉरअ‍ॅड्रेनलिनचेच घ्या. रक्तदाब टिकवायला हे औषध सिरिंज पंपावर, म्हणजे सिरिंजमधले औषध ठरावीक वेगाने सोडणाऱ्या यंत्रावर, चालते. एका रुग्णालयात ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम भरायची पद्धत, दुसरीकडे ८. दहा वर्षे आयसीयूत घालवलेली, दोन्ही राज्यांत रीतसर नोंदणी असलेली सिस्टर दुसऱ्या रुग्णालयात पहिल्या नाईटला ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून रुग्णांची सूत्रे) घेते. पंपावर ताशी ५ मिलिलिटरचा आकडा दिसतो आणि तिच्या डोक्यात जुन्या रुग्णालयाचा ४ मिलिग्रॅमचा हिशेब असतो. रुग्णाला प्रत्यक्षात दुप्पट औषध चाललेले असते. पहाटे सिरिंज संपत आली आणि तिने सवयीने ४ची भरून लावली, की डोस एकदम निम्मा होतो आणि रक्तदाब कोसळतो. हे कौन्सिलच्या शिक्क्याने टळत नाही. सिरिंजवरचे लेबल नीट लिहिलेले असेल, पहिली एक शिफ्ट तिथल्या सिस्टरसोबत काढायला मिळाली असेल आणि ओव्हर खाटेपाशी उभे राहून दिली-घेतली असेल, तरच टळते. कोविडच्या धामधुमीत सर्वांत आधी कात्री लागली ती नेमकी याच गोष्टींना.

माझे म्हणणे एवढेच, की दुसऱ्या राज्यात चालू असलेली नोंदणी संकटकाळात आपोआप ग्राह्य धरा, पण नव्या वॉर्डात उतरण्याआधीची ओळख-शिफ्ट सक्तीची करा. आज पहिले कडक आहे आणि दुसरे ऐच्छिक, म्हणजे सगळा उलटा कारभार.

नोंदणीला अर्थच नाही असे मी म्हणत नाही. ही व्यक्ती खरोखर परिचारिका आहे का आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदणीच देते. बनावट प्रमाणपत्रे मी पाहिली आहेत, त्यामुळे ‘येईल त्याला घ्या’ याला माझा विरोधच राहील. पण खातरजमा करायला फाइल टपालाने फिरवावी लागत नाही. परिचारिकांना राष्ट्रीय क्रमांक देणारी संगणकीय नोंद आपल्याकडे आहे. तिच्यातली माहिती ताजी असेल तर रुग्णालयाला नोंदणी चालू आहे की नाही हे पाहायला काही मिनिटे पुरावीत. जबाबदारीचेही आधीच लिहून ठेवा: तक्रार झाली तर चौकशी मूळ राज्याची कौन्सिल करणार की आपली?

विद्यार्थ्यांबद्दल थोडे. मे २०२१ मध्ये केंद्राने अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेतील जीएनएम आणि बीएस्सीच्या विद्यार्थ्यांनाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड ड्यूटी द्यायला परवानगी दिली आणि १०० दिवस काम करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देऊ असे सांगितले. निर्णय त्या घटकेला योग्यच होता. पण ‘देखरेख’ हा शब्द आदेशात लिहायला सोपा. देखरेख करणाऱ्या सिस्टरकडे स्वतःचेच रुग्ण दुप्पट असतील तर ती कोणाकडे बघणार? विद्यार्थ्यांनी काय करायचे (निरीक्षणांच्या नोंदी, पालथे झोपवायला मदत, नातेवाइकांना फोन) आणि व्हेंटिलेटर, रक्त चढवणे, पंपावरची औषधे यांत एकट्याने हात घालायचा नाही, हे त्या-त्या वॉर्डाच्या भिंतीवर लागायला हवे होते.

आम्हा निवृत्तांचेही तसेच. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि निवृत्तीनंतर अनेकजणी ते सोडून देतात. त्यांना विलंब शुल्काशिवाय, ठरावीक मुदतीपुरते परत घ्यावे. मात्र साठीच्या बाईला पीपीई किट चढवून संसर्गाच्या वॉर्डात पाठवण्यात शहाणपण नाही. लसीकरण, फोनवरचा सल्ला, नव्यांची ओळख-शिफ्ट ही कामे आम्ही डोळे मिटून करू.

एक धोका उघड आहे. सवलत एकदा दिली की रिक्त पदे न भरण्याची सोय होते. लाट होती तोवर कंत्राटी परिचारिका ‘योद्ध्या’ होत्या, लाट ओसरताच त्यांना घरी पाठवले गेले. म्हणून तात्पुरत्या परवानगीवर शेवटची तारीख छापलेली हवी, मुदतवाढ द्यायची तर कारण जाहीर करावे आणि मार्च २०२०मध्ये ५० लाखांचे जे विमा संरक्षण जाहीर झाले होते, तसले संरक्षण अशा प्रत्येकीला पहिल्या दिवसापासून लेखी मिळावे.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. त्यात राष्ट्रीय नोंदवही आहे. तिचा लाभ प्रत्यक्ष पदरात पडेपर्यंत राज्य सरकार आणि कौन्सिल यांनी संकटकाळाच्या आदेशाचा मसुदा तयार करून हरकतींसाठी प्रसिद्ध तरी करावा. आणि नूतनीकरणाच्या अर्जात दोन रकाने वाढवावेत: आयसीयूत शेवटचे काम कधी केले, आणि साथीत बोलावले तर यायची तयारी आहे का. याला कोणता कायदा बदलावा लागत नाही, पुढचा अर्ज छापण्याआधी ठरवले तरी पुरे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका