ट्वीडच्या नावाखाली पॉलिस्टर विकणं थांबवा

संपादकसाहेब, नमस्कार.

थंडी आणि लग्नसराई एकदम आली की पुण्यातल्या कपड्यांच्या दुकानांत 'ट्वीड ब्लेझर'च्या पाट्या लागतात. परवा पुतण्यासाठी घ्यायला गेलो तर दाखवला तो शंभर टक्के पॉलिस्टरचा, वरून नुसतं हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रेघांचं, डिझाइन छापलेलं, आतल्या बारीक लेबलवर तसं लिहिलेलं असूनही सेल्समन ट्वीडच म्हणत राहिला आणि भाव सांगितला लोकरीचा. ही सरळ फसवणूक आहे.

ट्वीड म्हणजे लोकरीचं कापड. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर जे हॅरिस ट्वीड बनतं त्याला तर 1993 सालचा ब्रिटिश पार्लमेंटचा कायदाच आहे, लोकर त्याच बेटांवर रंगवायची, तिथंच कातायची आणि विणकराने आपल्या घरी हाताने विणायची, तेव्हा कुठं त्यावर शिक्का बसतो. आणि खरी गंमत रंगात असते हो! लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळे रंग एकत्र मिसळून सूत काततात, त्यामुळे लांबून तपकिरी दिसणारा कोट जवळून बघितला की त्यात हिरवा, केशरी, निळा सगळं सापडतं. छापून हे कसं येणार?

शिवाय लोकर आपल्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते तरी ओली लागत नाही. पुण्यात सकाळी गारठा आणि दुपारी ऊन, अशा वेळी पॉलिस्टरच्या कोटात माणूस नुसता घामाघूम होतो.

ओळखायचं असेल तर शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण दुकानात हे कोण करू देणार, म्हणून टॅगच नीट हवा.

आपल्याकडे घोंगड्याचंही तेच चाललंय. सणगर आणि धनगर मंडळी दख्खनी मेंढीच्या लोकरीचं घोंगडं हातमागावर विणतात, चिंचोक्याची खळ लावतात, केवढी मेहनत असते त्यात, आणि शेजारी मशीनवरचं सिंथेटिक ब्लँकेट त्याच नावाने खपतं. विणकराच्या पोटावर पाय येतो याने.

मिक्स कापड विकायला अजिबात हरकत नाही, स्वस्त पडतं, घरी धुता येतं, ज्याला हवं त्याने घ्यावं. फक्त पाटीवर 'ट्वीड डिझाइन' लिहा, लोकर किती टक्के ते मोठ्या अक्षरात मराठीत टॅगवर टाका आणि भाव त्याप्रमाणे लावा. व्यापारी संघटनांनी या सीझनपासूनच हे सुरू करावं ही विनंती.

— एक वाचक, पुणे