‘कवच’ म्हणू नका, पहारेकरी म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लढाऊ हेलिकॉप्टरांविषयी मराठीत लिहिताना त्यांच्या स्वसंरक्षण यंत्रणेला सर्रास ‘क्षेपणास्त्रविरोधी कवच’ म्हटले जाते. हा शब्द चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे आज घरच्या संगणकावरही पडताळून पाहता येते. ईगल डायनॅमिक्सच्या ‘डीसीएस’ या सिम्युलेटरात मार्च २०२२ पासून अपाची एएच-६४डी हे लढाऊ हेलिकॉप्टर उपलब्ध आहे. आपल्या हवाई दलाची २२ अपाची पुढच्या ‘ई’ श्रेणीची आहेत आणि सिम्युलेटरातले यंत्र अमेरिकी लष्कराचे, त्यामुळे प्रत्येक बटण जुळेल असे नाही. तत्त्वे मात्र तीच आहेत.

कवच घाव झेलते. इथे घाव झेलणारे काहीच नाही. इथे तीन पहारेकरी आहेत आणि प्रत्येकाला एकाच जातीचा चोर ओळखता येतो.

पहिला एपीआर-३९, म्हणजे रडारचा इशारा देणारा. शत्रूच्या रडारच्या लहरी अंगावर पडल्या की तो पडद्यावर चिन्ह दाखवतो आणि हेडफोनमध्ये बोलतो: कोणते रडार, घड्याळाच्या काट्यानुसार कोणती दिशा, आणि ते नुसते शोधते आहे की माग धरून आहे. नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. चिन्ह पडद्याच्या मध्याजवळ दिसले म्हणजे धोका जवळ आला, असे ते समजतात. या यंत्राला अंतर कळत नाही, फक्त दिशा कळते आणि तीही ढोबळ. दुसरी चूक आवाजाची. संपर्क पॅनेलवर या इशाऱ्याच्या आवाजाची वेगळी घुंडी असते. रेडिओवरचा गोंगाट नको म्हणून कोणी ती कमी करून ठेवतो आणि मग ओसा क्षेपणास्त्रवाहनाने माग धरल्याचे त्याला ऐकूच येत नाही.

दुसरा पहारेकरी एव्हीआर-२ए, लेसर ओळखणारा. याच्या इशाऱ्याला सर्वांत कमी वेळ मिळतो. रणगाड्याने लेसरने अंतर मोजले की पुढची पायरी गोळा डागण्याची. १२५ मिमी तोफेचा कवचभेदी गोळा सेकंदाला सुमारे १,७०० मीटर वेगाने येतो, म्हणजे दोन किलोमीटरला सव्वा सेकंदही लागत नाही. इशारा ऐकून विचार करायला अवधीच नाही. म्हणून ‘लेसर’ हा शब्द कानावर पडताच हात आपोआप हलला पाहिजे, एवढा सराव हवा. तोच रणगाडा नळीतून लेसरवर चालणारे क्षेपणास्त्र सोडत असेल, तर चार किलोमीटरवरून ते यायला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्यात आडोशाला जाता येते.

तिसरा एएआर-५७, ज्याला सारे ‘सीएमडब्ल्यूएस’ म्हणतात. क्षेपणास्त्राच्या जळत्या मोटरचा अतिनील प्रकाश तो टिपतो. खांद्यावरून डागायच्या इग्लासारख्या क्षेपणास्त्रापुढे हाच एक कामाचा, कारण इग्ला रडार वापरत नाही, इंजिनाच्या उष्णतेवर येते. पहिला पहारेकरी तिच्यापुढे पूर्ण बहिरा असतो. चार किलोमीटरवरून डागलेली इग्ला साधारण सात सेकंदांत पोहोचते.

या तिसऱ्याचे पॅनेल मागच्या आसनावर, वैमानिकाकडे असते. पुढे बसणाऱ्या तोफचालकाकडे ते नाही. दोघांनी मिळून उडवताना कोणी काय चालू करायचे हे उड्डाणाआधी ठरवले नाही, तर ते बंदच राहते. क्रम सोपा आहे. घुंडी ‘ऑन’वर आणायची आणि यंत्र तयार होऊ द्यायचे. ‘बायपास’ की ‘ऑटो’ हे ठरवायचे: ऑटोमध्ये यंत्र स्वतः फ्लेअर, म्हणजे उष्णतेवर येणाऱ्या क्षेपणास्त्राला भुलवणारे जळते गोळे, टाकते, बायपासमध्ये ते काम हाताने करायचे. मग ‘सेफ’चा खटका ‘आर्म’वर. हा शेवटचा खटका राहून गेला की यंत्र ‘मिसाइल’ असे ओरडते, दिशाही दाखवते, पण शेपटीतून काहीच सुटत नाही. ‘फ्लेअर चालत नाहीत’ ही तक्रार आली की आधी हा खटका पाहावा.

ऑटो सोयीचे आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. फ्लेअर एकूण ६०. अतिनील सेन्सरला मोटरची ज्वाळा दिसते, हेतू दिसत नाही. प्रत्यक्षातही या जातीच्या सेन्सरांना आगीचा किंवा वेल्डिंगचा प्रकाश चकवू शकतो. काही खोट्या इशाऱ्यांत साठा निम्म्यावर येतो. रात्री तर ऑटोने सोडलेली फ्लेअरची माळ आपण कुठे आहोत हे साऱ्या खोऱ्याला दाखवते. आमच्या मते सपाट, उघड्या प्रदेशात ऑटो ठेवावे. डोंगराळ मुलखात आडोशाने जाताना बायपास आणि बोट बटणावर.

चाफचे गणित आणखी आखडते आहे. ती धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंची पुडकी रडारला फसवण्यासाठी, आणि मिळतात फक्त ३०. ती आपोआप सुटत नाहीत. ‘एएसई’ या स्वसंरक्षण साधनांच्या पानावर आधी सेफवरून आर्म करावे लागते आणि सोडण्याचा क्रम ठरवावा लागतो: एका झटक्यात किती, दोन पुडक्यांत किती अंतर, असे झटके किती. चाराचे दोन झटके लावले तर एका दाबाला आठ जातात. तीन वेळा दाबले की उरतात सहा. अनेक जण हा क्रम न बघताच उडतात आणि पहिल्याच ओसासमोर साठा रिकामा करतात.

साठा भरलेला असला तरी तो योग्य शत्रूला योग्य वेळी लागू पडतो का, हा खरा प्रश्न आहे. तुंगुस्का या विमानविरोधी वाहनाचे उदाहरण घ्या. तिचे क्षेपणास्त्र उष्णता शोधत नाही. जमिनीवरचा माणूस दुर्बिणीतून हेलिकॉप्टरवर नजर रोखून रेडिओने त्याला दिशा देतो. तिसरा पहारेकरी ज्वाळा पाहून ओरडेल, ऑटो फ्लेअरही टाकेल, आणि क्षेपणास्त्र त्या फ्लेअरकडे ढुंकूनही बघणार नाही. तिथे वाचवते ती डोंगराची धार. दुसरे टोक झेडयू-२३ या जोडनळीच्या तोफेचे. तिला रडार नाही, लेसर नाही, क्षेपणास्त्र नाही. नेमबाज डोळ्याने नेम धरतो. तीनही पहारेकरी गप्प असतात आणि गोळ्यांच्या रेषा समोरून येतात. सिम्युलेटरात आत्मविश्वासाने पुढे गेलेली अनेक हेलिकॉप्टरे याच शांततेत पडतात. पडदा कोरा असणे म्हणजे एवढेच, की या तिघांना ओळखता येणारे काही सध्या त्यांना दिसत नाही.

आडोसा घेण्यातही एक घातक चूक वारंवार होते. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एकाच जागी, उभे असताना इशारा आला की कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) झटकन खाली दाबून सरळ खाली बसायचा मोह होतो. पुढे वेग नसताना असे वेगाने खाली गेले की हेलिकॉप्टर स्वतःच्याच पंख्याने ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडते. मग कलेक्टिव्ह वर ओढला तरी उचल मिळत नाही, घसरण वाढतच जाते. क्षेपणास्त्र चुकते, हेलिकॉप्टर मात्र जमिनीवर आदळते. म्हणून मुळात धारेच्या मागे, थोडा उतार बाजूला ठेवून उभे राहावे. इशारा येताच नाक खाली घालून किंवा बाजूला सरकून थोडा वेग घ्यावा आणि मग खाली जावे. इग्ला असेल तर वळताना इंजिनाचे गरम तोंड तिच्यापासून दूर राहील अशी बाजू निवडावी आणि फ्लेअर वळणाच्या सुरुवातीलाच टाकावेत, शेवटी नव्हे.

यावरून फ्लेअर निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. २८ मे १९९९ रोजी कारगिलमध्ये तोलोलिंगच्या परिसरात हवाई दलाचे एमआय-१७ स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील चारही जवानांना वीरमरण आले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर टाकण्याची यंत्रणा नव्हती. त्या चौघांची आठवण ठेवणाऱ्या कोणालाही या साधनांविषयी सैल शब्द वापरवणार नाहीत.

नाशिकमध्ये लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची प्रशिक्षण संस्था आहे, आणि तिकडे डोळे लावून बसलेली आमच्या भागातील मुले अशी वर्णने बारकाईने वाचतात. म्हणून आपल्याला विनंती, की अपाची किंवा ‘प्रचंड’ या भारतीय लढाऊ हेलिकॉप्टराविषयी मजकूर छापताना ‘कवच’ हा एकच शब्द सगळ्यावर पांघरू नये. रडार इशारा, लेसर इशारा, क्षेपणास्त्र इशारा ही तीन यंत्रे आणि फ्लेअर व चाफ ही दोन साधने वेगवेगळ्या नावांनी लिहावीत, आणि कोणते कशासाठी हे एका वाक्यात सांगावे.

आपले,
हेलिकॉप्टर सिम्युलेशनचा अभ्यास करणारे काही वाचक, नाशिक रोड