अडचणीचे भांडवल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात नाल्याकाठच्या 'त्या' जागेवर व्यापारी संकुलाला सूट मिळाल्याची बातमी वाचली. हातातला चहा गार झाला. सूट देण्यामागचे कारण फारच गोड आहे. म्हणे जागा तीनकोनी, रस्त्यापेक्षा खोल, एका अंगाला नाला. नियमाप्रमाणे सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून आत मोकळी ठेवायची जागा, सोडला तर बांधायला उरणार काय? काही उरत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षे त्या जागेला गिऱ्हाईक नव्हते. घेणाऱ्याने अडचण दाखवूनच भाव पाडला असणार. आता तीच अडचण दाखवून सेटबॅक माफ, पार्किंग निम्मे!

मी त्या जागेपासून चार घरे सोडून राहतो. 2016 साली आईचे गुडघे गेले. न्हाणी परसात, मध्ये पाच पायऱ्या. म्हणून घराच्या बाजूलाच छोटी न्हाणी बांधायला घेतली. नकाशा दिला, चलन भरले. तपासायला आलेल्या गृहस्थांनी टेपचे दुसरे टोक माझ्या मुलाच्या हातात दिले आणि दोन फूट जास्त निघतात म्हणून सांगितले. आमचीही जागा तिरकीच आहे हो, मागे निमुळती होत जाते. सहा हेलपाटे घातले, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. टेबलामागच्या साहेबांनी ती चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. "आज तुम्हाला दिले तर उद्या सगळे मागतील." कंबरेएवढी आलेली भिंत आम्हीच पाडली. विटा अजून तुळशीमागे रचून ठेवल्या आहेत, त्यांवर शेवाळ धरले आहे. आई शेवटपर्यंत त्या पाच पायऱ्या बसत बसत उतरली. तेव्हा 'विशेष परिस्थिती' हा शब्द त्या कार्यालयात कुणाला ठाऊक नव्हता.

ऑगस्ट 2019 मध्ये पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला लागून थांबले. थांबले ते त्या खोलगट जागेमुळे. दोन दिवस तिथे तळे होते, म्हशी डुंबत होत्या. आता तिथे मुरमाचा भराव पडणार. मग ते पाणी कुठे जाणार, हे त्या नकाशात कुठे दाखवले आहे का? खाली शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी शिरून भात कुजते, त्याच्या बातम्या तर तुम्हीच छापता.

कायद्याचे म्हणाल तर कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा 1961 चा. त्यातले कलम 14 अ सांगते की जमिनीचा वापर बदलायचा तर तो सार्वजनिक हिताचा हवा, दैनिकात नोटीस हवी आणि हरकतींना किमान 15 दिवस हवेत. नोटीस आली होती म्हणे. कुठल्याशा पानाच्या तळाला, फक्त कन्नडमध्ये. मला कन्नड लिहिता-वाचता येते, माझे त्या भाषेशी भांडण नाही. पण नाल्याला भिंत लागून असलेल्या काकूंना सही तेवढी येते, तीही मराठीत. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्याही भाषेत द्याव्यात, हे तर 1956 पासून ठरलेले आहे. बेळगावात मराठी माणसे किती हे मोजायला दुर्बीण लागते काय?

निदान मंजूर नकाशाची प्रत त्या जागेवर फलक करून लावावी, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि हरकतींना नव्याने 15 दिवस द्यावेत. काकूंची हरकत मी लिहून देईन.

आपला,
एक जुना वर्गणीदार, वडगाव, बेळगाव

ता. क. : बातमीत 'परिसराच्या विकासाला चालना' असे आपल्या बातमीदाराने लिहिले आहे. त्याच अंकात पाचव्या पानावर त्याच संकुलातल्या गाळ्यांची पाव पानी रंगीत जाहिरात आहे. चित्रात नाला दाखवलेला नाही, तिथे कारंजे आहे. माझे पत्र छापायला जागा कमी पडली तर कुठले काढायचे ते आपण ठरवावे.